तुझा मास्क आणि देगलूरचा नागेश

प्रज्ञे, तुझ्या जलदानाच्या दिवशी सगळा मांडव हसला. भन्तेजी हसले, तुझ्या ऑफिसातल्या बाया पांढऱ्या पदराआड हसल्या, चाकूरहून आलेली तुझी आईसुद्धा रडता रडता हसली. मी नाही हसलो. मी पहिल्या रांगेत, तुझ्या फोटोशेजारी बसून देगलूरच्या त्या नागेशकडं बघत होतो, आणि माझ्या मनात जे चाललं होतं ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं सांगतो. तुझ्याशिवाय सांगणार तरी कुणाला?

आदरांजलीला आधी माझंच नाव पुकारलं होतं. "कालकथित आयुष्मती प्रज्ञा यांचे पती, लातूरच्या नामांकित क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे सर..." एवढी ओळख करून दिल्यावर लोकांना वाटणारच की हा माणूस आता काहीतरी बोलेल. रोज कॉलरला माइक लावून हॉलभर पोरांपुढं घसा फोडतो मी. माइक हातात घेतला, "प्रज्ञा" म्हणालो, आणि पुढं काही येईना. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला. शेवटी तुझे बाबा उठले आणि मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

मग तुझे साहेब बोलले, क्वार्टरमधल्या काकू बोलल्या. तू मनमिळाऊ होतीस, हसतमुख होतीस, कलेक्टर ऑफिसात अव्वल कारकून असून कुणाची फाइल अडवली नाहीस. सगळ्यांच्याच आदरांजलीत असतं ते. त्यानंतर हा उठला. तिशीतला, जाडसर, शर्टाची बटणं ताणलेली. देगलूरला मोबाईलचं दुकान आहे म्हणे. माइक घेऊन तो काय म्हणाला?

"ताईनं मला कुऱ्हाडीनं मारलंय. खिडकीतून खाली फेकलंय. तळ्यात बुडवून मारलंय. एकदा तर कपाटात लपलो होतो, कपाटासकट मारलंय. आणि मारून झालं की विचारायची, नागेश, जेवलास का रे?"

मांडवातल्या म्हाताऱ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. मग त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. सिनेमावरनं केलेला गेम आहे, ज्या सिनेमाचे भागावर भाग निघाले. दर भागात तो मास्कवाला मरतो आणि पुढच्या भागात उठून येतो. तळ्याकाठी पोरांचं शिबिर असतं. पोरांनी लपायचं, गाडीची बॅटरी शोधायची, पेट्रोल शोधायचं, गाडी चालू करून पळायचं. मास्कवाल्यानं एकेकाला हुडकून मारायचं. सगळे आपापल्या घरात कॉम्प्युटरपुढं बसलेले, कानाला हेडफोन. "आणि आमच्यात मास्कवाला म्हणजे कायम ताईच," तो म्हणाला. "दुसरा कुणी मास्कवाला झाला तर आम्हाला भ्याच वाटत नव्हतं."

मागनं तुझी चुलती म्हणाली, "मरतोय अन् पुढच्या भागात उठून येतोय? आमच्या पोरीचं तसं असतं तर लई बरं झालं असतं बाई." तेव्हा परत सगळे रडले. म्हणजे हसवलं त्यानं आणि रडवलंही त्यानंच. माझ्या बायकोच्या जलदानात! मी आपला फोटोशेजारी बसलेलो, फोटोसारखाच.

हो, जळतो मी. तू असताना जळलो, आता तर जास्तच जळून राहिलो. लफड्याचा संशय मला कधी आला नाही, उगी खोटं कशाला बोलू. आला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण तू दार उघडं ठेवून, मोठ्यानं ओरडत, स्वयंपाकघरातल्या मला ऐकू येईल असं खेळायचीस. "अय नागेश, खाटेखाली दिसायलास की रे! पाय आत घे, पाय!" आणि मी कणीक मळत उभा. एवढं मोकळं ओरडणं मी लग्नाआधी, लग्नात, लग्नानंतर कधी माझ्या वाट्याला आलेलं बघितलं नव्हतं. मला कायम "सर". सगळ्या लातूरनं सर म्हणायला लागल्यावर तूही गंमत म्हणून सुरू केलंस, आणि ते तसंच राहिलं. "सर, चहा टाकू का? सर, परत कधी येणार?"

तू नांदेडला, मी लातूरला. तुझ्या बदलीचे अर्ज आपण किती केले ते सोड. मी रविवारची टेस्ट दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारून एसटी पकडायचो. चाकूर आलं की तुला फोन करायचो, "तुझ्या माहेरावरनं चाललोय," आणि तू दरवेळी म्हणायचीस, "खाली उतरून पेढे तरी आणा की सर." मी कधी आणायचो, कधी नाही. आठवड्याभरानं भेटायचो आपण. आणि त्या आठवड्याभरानं मिळालेल्या रविवारच्या दुपारी माझ्या मांडीला मांडी लावून बसायचं सोडून तू तुझ्या शिबिरात! कुणाच्याही नाकाला मिरच्या झोंबतील.

आपलं भांडण त्यावरच व्हायचं. तुझ्या जाऊबाईनं एकदा बोलून दाखवलं होतं, पोरबाळ नाही म्हणून खेळत बसते. तू तिच्या तोंडावर म्हणालीस, "न्हाई वैनी, पोरबाळ असतं तर त्याच्यासोबत खेळले असते." मला तुझा केवढा अभिमान वाटला होता तेव्हा. नंतर खोलीत मात्र मीच तेच दुसऱ्या शब्दांत विचारलं. दिवसभर डोकं पिकल्यावर माणूस भजन ऐकेल, मालिका बघेल, हे माणसं मारणं काय काढलंस? तू म्हणालीस, "दिवसभर लोक माझ्या मागं लागतात सर. संध्याकाळी मी लोकांच्या मागं लागते." आणि हसलीस. तुझं असलं काही ऐकलं की मी दुसऱ्या दिवशीपर्यंत फुगून बसायचो.

तुला हे वेड लहानपणापासूनचं, हे मला लग्नानंतर कळलं. मामाच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता, त्याची कॅसेट लावायची असायची, आणि त्या कॅसेटींत त्याच सिनेमावरचा एक जुना गेम होता. चाकूरातल्या सगळ्या पोरांना वाटायचं की तो बिघडलाय, कारण तो कुणालाच जिंकता येत नव्हता. घरात शिरलं की तो मास्कवाला समोर. तू सुट्टीभर त्याच्या हातून मेलीस आणि सुट्टीभर परत चालू केलास. "तेव्हापासून त्याच्याकडं माझं बाकी होतं," तू म्हणायचीस. "आता मास्कच माझ्याकडं हाय." आपण लग्नानंतर लातूरला असला एक सिनेमा बघायला गेलो होतो, आठवतंय? सगळं थिएटर किंचाळत होतं, आणि तू चिवडा खात मला हळूच सांगत होतीस, "आता ही मरणार. टॉर्च घेऊन एकटीच निघाली बघा." आणि ती मरायचीच. बाहेर आल्यावर मी विचारलं, भीती नाही वाटत का तुला? तू म्हणालीस की सिनेमात तो येणार हे ठरलेलंच असतं, त्यात कसली भीती. गेममध्ये बाकीच्यांना माहीत नसतं की तो कुठून येईल, आणि त्यालाही माहीत नसतं की कोण कुठं लपलंय. दोघंही एकमेकाला शोधत असतात. मला ते तेव्हा कळलं नाही, पण तू किती सुंदर दिसत होतीस ते बोलताना. पार्किंगमध्ये, हेल्मेट काखेत धरून. तो दिवस फक्त माझा आहे. तो मी नागेशला देणार नाही.

आणखी एक भांडण राहिलंय आपलं. सिनेमाच्या हक्कावरून मालकामालकांत कोर्टकचेऱ्या झाल्या आणि हा गेम विकणं बंद होणार असं कळलं, तेव्हा तू मागंच लागलीस. "तुमच्या नावानं एक घेऊन ठेवा सर. नंतर पैसे देऊन पण मिळणार न्हाई." मी म्हणालो, मला कशाला? मी काय तुझ्या हातून मरायला बसू का तिथं? तू म्हणालीस, "बसा की. बाकीचे बसतातच." मी घेतला नाही. आता तुला वाटत असेल मी पश्चात्ताप करतोय. तो नाही करत. आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या बायकोला भेटायला मी अजून चार माणसांच्या रांगेत का उभं राहायचं? हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आताही म्हणतो. बोल आता.

पण त्या दिवशी मांडवात नागेशनं शेवटी जे सांगितलं ते माझ्या फार जिव्हारी लागलं. त्याची आई नांदेडच्या दवाखान्यात ॲडमिट होती आणि ह्यानं घरी कुणाला धीर सुटलेला दिसू नये म्हणून नेहमीसारखा गेम लावला. बोलला काहीच नाही. तू मास्क घालून त्याच्यामागं आलीस. तो पळाला नाही, लपला नाही, नुसता शेकोटीजवळ उभा राहिला. तर तू कुऱ्हाड मारली नाहीस. समोर थांबलीस आणि विचारलंस, "काय झालं रे?" बाकीची पोरं गाडी चालू करून पळून गेली, तू हरलीस, आणि तू तिथंच त्या खोट्या शेकोटीपाशी उभी राहून त्याच्याशी बोलत बसलीस. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दवाखान्यात गेलीस. तिथं तुम्ही पहिल्यांदा एकमेकांना प्रत्यक्ष बघितलं म्हणे. "ताईनं माझ्या चालण्यावरनं ओळखलं," तो म्हणाला आणि माइक खाली ठेवला.

चालण्यावरनं! ते पण त्याचं चालणं नव्हे, कॉम्प्युटरातल्या बाहुल्याचं! आणि मला क्लासवाल्यांनी वरच्या बॅचवरून काढलं, नवीन पोरगा आणून बसवला, मला खालच्या वर्गांना नुसते सराव-प्रश्न सोडवायला ठेवलं, ते अख्खं वर्ष मी दर रविवारी तुझ्यासमोर जेवत होतो. तू विचारायचीस, "सर, भाजी तिखट झाली का?" मी म्हणायचो, नाही, चांगली झालीय. मान्य आहे, मी लपवलं होतं. पण लपलेलं शोधणं हीच तर तुझी खासियत होती गं! खाटेखालचा नागेश सापडतो, कपाटातला सापडतो, मग पाटावर समोर बसलेला नवरा कसा सापडत नाही? तो मांडवात बोलत होता तेव्हा मी तुझ्या फोटोला हेच विचारत होतो. की सापडलो होतो, आणि तू मुद्दाम पुढं निघून गेलीस? मला लाज वाटू नये म्हणून? हे मला कोण सांगणार आता?

जेवणं झाल्यावर तो माझ्याकडं आला होता. माझा हात दोन्ही हातांत धरून उभा. "सर, काही लागलं तर सांगा. तुमच्याशी बोलायचं होतं थोडं." मी म्हणालो, हो हो, बघू, जेवलात ना? आणि सटकलो. पंगतीत वाढायला माणसं होती तरी बुंदीची बादली उचलली. त्याच्यासमोर उभं राहवत नव्हतं मला.

परवा रविवारी मी क्वार्टर आवरायला नांदेडला गेलो. सरकारी क्वार्टर, ती सोडावीच लागते. तुझी भांडी तुझ्या आईकडं, साड्या तुझ्या बहिणींकडं. दुपारी कॉम्प्युटरच्या वायरी काढायला बसलो आणि काढायच्या ऐवजी चालू केला. तो गेम आपोआप उघडला, तुझ्याच नावानं. मला फक्त बघायचं होतं की त्या डबड्यात एवढं काय होतं. तर बसल्या बसल्या कोपऱ्यात मेसेज आला. "ताई?" मग लगेच दुसरा, "कोण आहे?"

खरं सांगू? मला आनंद झाला. स्क्रीनवर तुझं नाव पेटलेलं बघून देगलूरात त्याच्या अंगावर काटा आला असणार, आणि तो काटा मी आणला होता. एवढं सुख मला महिनाभरात झालं नव्हतं. मग लिहिलं, "सर आहे." मग आलं, "या सर. आम्ही तिघंच असतो आता. मास्क तुम्हीच घ्या."

तुझा हेडफोन मला आवळत होता. तुझ्या डोक्याच्या मापानं बसलेला तो, मला तो सैल करता येईना. कानात पावसाचा आवाज, झाडं, आणि समोर माझेच हात, कुऱ्हाड धरलेले. मी पुढं जायचं बटण दाबलं आणि सरळ तळ्यात गेलो. बाहेर निघालो तो भिंतीत तोंड घालून उभा. तेवढ्यात कानात एका बाईचा आवाज आला, "सर, डावीकडं वळा, डावीकडं. मी औसा रोडची, दातांची डॉक्टर. मांडवात होते मी." म्हणजे आपल्या लातूरची बाई, माझ्या क्लासपासून रिक्षानं पाच मिनिटांवर, आणि तुझ्या आयुष्यात माझ्यापेक्षा जास्त संध्याकाळी! तिसरा इस्लापूरकडचा, बँकेतला, त्याचा आवाज रेंज नसल्यानं तुटत होता. लपायचं सोडून ते तिघंही माझ्यासमोर येऊन ओळीनं उभे राहिले. पाच मिनिटं कुणी हललं नाही. मला कळलं ते काय करून राहिलेत. तुला आदरांजली देत होते ते, आणि तुझा मास्क घालून मी ती घेत होतो.

"उभे काय राहिलात?" मी ओरडलो. "पळा की!"

डॉक्टरीण फिसकन हसली आणि रडलीही असावी. ती दोघं पळाली. माझ्या बोलण्यावर तुझी माणसं हसली, मला आवडलं ते, नाही कशाला म्हणू. नागेश मात्र जागचा हलला नाही. त्याचा तो बाहुला, पिवळा शर्ट घातलेला, तसाच उभा. मी धडपडत त्याच्यापर्यंत गेलो.

"मारा सर," तो म्हणाला. "पण त्याच्या आधी एक सांगतो. त्या दिवशी मांडवात एवढ्या लोकांत मला बोलता आलं न्हाई, नंतर तुम्ही सापडला न्हाईत. ताई तुमच्याबद्दल नेहमी म्हणायची, की सर म्हणजे..."

नेहमी! माझ्या बायकोचं 'नेहमी' ह्याच्यापाशी! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कोणतं बटण दाबलं ते मला माहीत नाही. कुऱ्हाड वर गेली आणि खाली आली, आणि तो पडला, आणि त्याचा आवाज बंद झाला.

मी थांबलो. म्हणालो, "हां, बोला, सर म्हणजे काय?" काही नाही. नुसता पाऊस. "नागेश? अहो नागेश?" शेवटी लांबून डॉक्टरीण पळत आली. "सर, ह्या गेममध्ये मेलेल्याचं जिवंतांना ऐकू येत न्हाई. त्याला आपलं सगळं ऐकू जातंय, पण त्याचं इकडं येत न्हाई. डाव संपला की बोलेल तो. थांबा जरा."

मी थांबलो नाही. हेडफोन ओढून काढला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. मग तिथंच खुर्चीवर, तुझ्या त्या अर्ध्या बांधलेल्या सामानात, मांडवात जे आलं नव्हतं ते सगळं रडू आलं. शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या.

आता मी लातूरला आहे. कालपासून त्याचे फोन येतात. क्लासमध्ये, जेवताना, गाडीवर असताना. मी उचलत नाही. उचलला की तो ते वाक्य पुरं करणार, मला माहीत आहे. साधा माणूस आहे तो, सांगून मोकळा होईल. आणि माझ्याबद्दलचं तुझं बोलणं, जे तू मला कधी सांगितलं नाहीस, जे सांगायला तुला दर आठवड्याला एक अख्खा रविवार होता, ते मी एका मोबाईलवाल्याच्या तोंडून ऐकू? नाही ऐकायचं मला. आणि नाही ऐकलं तर ते त्याच्याकडंच राहील, तुझ्या बाकी सगळ्यासारखं. हा बघ, परत वाजून राहिला.

सर म्हणजे काय गं, प्रज्ञे? तूच सांग ना.